स्वयंपाकघरातली गिटार

(रौप्यमहोत्सवानिमित्त झालेल्या ‘माझा आवडता कलावंत’ या कार्यक्रमातील भाषण)



मी आज ज्या बाईंबद्दल बोलणार आहे त्यांचं नाव आपल्यापैकी फार थोड्यांनी ऐकलं असेल. एलिझाबेथ कॉटन. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज आणि लोकसंगीताच्या गायिका, गिटारवादक.

जन्म 1893 चा, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरबरो गावचा. लहानपणीच लोकांच्या घरी कामाला जाऊ लागल्या. पै-पै साठवून 3 डॉलर 75 सेंटना गिटार घेतली. त्या डावखुऱ्या, आणि शिकवायला कोणी नाही. मग सरळ गिटारच उलटी धरली! खर्जाच्या तारा बोटांनी आणि वरचे सूर अंगठ्याने. आज ही पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मालगाडीवरचं त्यांचं प्रसिद्ध गाणं, ‘फ्रेट ट्रेन’, त्यांनी अकरा-बारा वर्षांच्या वयात रचलं.

पुढे लग्न झालं, मुलगी झाली. असलं संगीत चर्चमधल्या मंडळींना पसंत नव्हतं. गिटार बाजूला पडली, ती कित्येक वर्षं.

नंतर वॉशिंग्टनमध्ये एका मोठ्या दुकानात काम करताना त्यांना एक चुकलेली मुलगी सापडली. त्यांनी तिला आईपाशी पोचवलं. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर. पती चार्ल्स सीगर संगीताचे अभ्यासक. या घरी कॉटनबाई घरकामाला लागल्या. घरात देशभरातल्या लोकगीतांचा अभ्यास चाललेला, आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंना गाणं येतं याची कुणाला कल्पनाच नाही! एके दिवशी घरातलीच गिटार त्या वाजवताना मुलांनी पाहिल्या, तेव्हा कुठे कळलं.

मुलगा माइक याने त्यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. 1958 साली पहिली रेकॉर्ड निघाली तेव्हा बाई पासष्ट वर्षांच्या होत्या. दरम्यान ‘फ्रेट ट्रेन’ इंग्लंडला पोचलं होतं आणि तिथे दुसऱ्यांनीच त्यावर आपलं नाव लावलं होतं. ते श्रेय परत मिळवावं लागलं. नव्वदी ओलांडल्यावर ग्रॅमी मिळालं. 1987 मध्ये त्या गेल्या.

त्यांचा ‘शोध लागला’ असं लिहिलेलं वाचायला मिळतं. मला वाटतं, बाई तर रोज त्या घरात येतच होत्या. तोवर कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

म्हणून समितीला एक विनंती. गणेशोत्सवातल्या कार्यक्रमांचे अर्ज आपण फक्त सभासदांच्या घरी वाटतो. यंदापासून ते घरकामाला येणाऱ्या ताईंना, वॉचमनकाकांना, सफाईच्या मंडळींना आणि त्यांच्या मुलांनाही द्यावेत. वेगळा दिवस नको, आपल्याच कार्यक्रमात, त्याच यादीत. आणि स्टेजवर बोलावताना माइकवरून आडनावासकट पूर्ण नाव पुकारावं.