कोणाचे देणे कोणाला : स्वाहिली वाक्याचे व्याकरण



व्याकरणावर बोलायला कामगार संघटनेचा कार्यकर्ता उभा राहिलेला पाहून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. ते रास्तच आहे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते गोदीच्या फाटकावर, युनियनच्या कचेरीत आणि फूटपाथवर घेतलेल्या जुन्या पुस्तकांतून. त्या पुस्तकांत ई. ओ. अ‍ॅश्टन ह्या विदुषीचे, १९४४ साली निघालेले स्वाहिली भाषेचे व्याकरण होते. मोंबासा, झांजीबार, दार-ए-सलाम ही नावे मी जहाजांमुळे लहानपणापासून ऐकत होतो. तिथला माणूस बोलतो कसा, एवढ्या कुतूहलाने ते पुस्तक घेतले आणि रात्री वाचू लागलो.

स्वाहिली ही पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची भाषा. तिचे कूळ बांटू. अरबी शब्द तिच्यात पुष्कळ, आणि आपल्याकडचेही काही. आपली 'गाडी' तिथे 'गारी' झाली, आपला 'लाख' तिथे 'लाकी' झाला. एकट्या टांझानियात शंभराहून अधिक भाषा बोलल्या जातात. त्या सर्वांना एकमेकांशी बोलायला ही भाषा उपयोगी पडते. केनियातही ती राजभाषा आहे.

आता मी माझी एक चूक सांगतो, कारण ह्या भाषेचे व्याकरण मला त्या चुकीनेच शिकवले. २००९ साली मुंबईबाहेरच्या समुद्रात एक जहाज नांगर टाकून पडले होते. मालकाने हात वर केले होते आणि खलाशांचे कित्येक महिन्यांचे पगार थकले होते. त्यांत चौघे स्वाहिली बोलणारे होते. त्यांचे म्हणणे असे की, अर्जात काय लिहिले आहे ते आम्हांला आमच्या भाषेत कळल्याशिवाय आम्ही सही करणार नाही. हे म्हणणे योग्यच होते. न वाचता केलेल्या सहीने किती कामगार बुडाले हे मला ठाऊक आहे. तेव्हा मी मोठ्या ऐटीने त्यांच्या भाषेत मजकूर लिहिला. मला लिहायचे होते, "त्यांनी आम्हांला अजून पगार दिलेले नाहीत." मी लिहिले, "हातुजावालिपा मिशाहारा."

त्यांच्यातला वयस्क खानसामा ते वाचून हसू लागला. मग त्याने त्या शब्दावर बोट ठेवले आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "भाई, यहाँ तो हम लोग मालिक हो गया!"

मी लिहिले होते, "आम्ही त्यांना अजून पगार दिलेले नाहीत." देणेकरी आणि घेणेकरी यांची मी अदलाबदल केली होती. तो कागद तसाच पुढे गेला असता तर?

योग्य शब्द होता 'हावाजातुलिपा'. तो सोडवून पाहा. 'हा' म्हणजे नाही. 'वा' म्हणजे ते. 'जा' म्हणजे अजून. 'तु' म्हणजे आम्हांला. 'लिपा' म्हणजे पैसे चुकते करणे. आपल्या चार-पाच शब्दांचे वाक्य तिथे एका क्रियापदात मावते. पण मेख पुढेच आहे. 'तु' हा एकच अवयव 'आम्ही' आणि 'आम्हांला' अशा दोन्ही अर्थी येतो. तसाच 'वा' हा 'ते' आणि 'त्यांना' अशा दोन्ही अर्थी. त्यांत भेद करते ती केवळ जागा. काळाच्या खुणेच्या आधी बसला तो करणारा. तिच्यानंतर, धातूला चिकटून बसला तो ज्याच्यावर क्रिया होते तो. मराठीत आपण 'त्यांनी आम्हांला' म्हणतो, 'आम्हांला त्यांनी'ही म्हणतो. प्रत्यय शब्दाबरोबर फिरतो, म्हणून अर्थ बिघडत नाही. माझ्या मनात आधी 'आम्हांला' आले, म्हणून मी 'तु' आधी घातला. मराठीची सवय मी स्वाहिलीत नेली आणि तिथे ती चालली नाही.

मात्र दुसऱ्या एका बाबतीत मराठी माणसाची सवय त्याला तारते. इंग्रजीच्या वाटेने स्वाहिलीकडे जाणारा ज्या ठिकाणी दमतो, तिथे आपण घरच्यासारखे चालू शकतो. ती बाब म्हणजे नामांचे वर्ग.

गोदीत पूर्वी ज्या टोळीचा माणूस त्या टोळीचा बिल्ला, अशी पद्धत असे. स्वाहिली वाक्यात नाम हा मुकादम आहे. त्याचा बिल्ला त्याच्या मागून येणाऱ्या सर्वांना लावावा लागतो. 'किताबू' म्हणजे पुस्तक. एक चांगले पुस्तक पडले आहे, हे असे सांगतात : 'किताबू किमोजा किझुरी किमेआंगुका.' दोन चांगली पुस्तके पडली आहेत : 'विताबू विविली विझुरी विमेआंगुका.' संख्या, विशेषण, क्रियापद, सर्वांच्या पुढे 'कि', आणि अनेकवचनात 'वि'. मौज अशी की हा शब्द मूळ अरबी 'किताब'. त्यातला 'कि' हा काही प्रत्यय नव्हे. पण स्वाहिलीने त्याला आपला बिल्ला मानले आणि परक्या शब्दाला आपल्या टोळीत घेतले.

आता आपले ऐका : 'मोठा दगड पडला, मोठी भिंत पडली, मोठे झाड पडले.' हे दुसरे काय आहे? आपण बिल्ला शब्दाच्या शेवटी लावतो, ते सुरुवातीला लावतात. आपल्याकडे तीन लिंगे. तिथे स्त्री-पुरुष हा भेद व्याकरणात नाही, पण वर्ग अनेक. एकवचन आणि अनेकवचन वेगळे धरले तर पंधराच्या वर भरतात. आपल्या 'लाल'सारखी न बदलणारी विशेषणेही तिथे आहेत : 'साफी' म्हणजे स्वच्छ, ते कोणत्याही नामापाशी तसेच राहते. आणि काही वर्गांत क्रियापदाचा बिल्ला निराळा असतो. 'म्ती' म्हणजे झाड. एक चांगले झाड पडले आहे, हे 'म्ती म्मोजा म्झुरी उमेआंगुका.' इतरांना 'म्', पण क्रियापदाला 'उ'. म्हणून वर्गांचा तक्ता घोकण्यापेक्षा प्रत्येक नाम एका पुऱ्या वाक्यासकट पाठ करावे, असा माझा अनुभव आहे.

आमच्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. आपण म्हणतो, कामगारांचा संप, कामगारांची संघटना, कामगारांचे वेतन. चा, ची, चे बदलतात ते कामगारांमुळे नव्हे, तर संप, संघटना, वेतन यांच्यामुळे. स्वाहिलीत हाच न्याय आहे, फक्त क्रम उलटा. 'चामा चा वाफान्याकाझी' म्हणजे कामगारांची संघटना. संघटना अनेक झाल्या की 'व्यामा व्या वाफान्याकाझी'. संप 'म्गोमो', म्हणून 'म्गोमो वा वाफान्याकाझी'. त्यांचा 'चा' आणि आपला 'चा' सारखा दिसतो हा निव्वळ योगायोग; त्यांचा उच्चार 'चहा'तल्या 'च'सारखा. पण त्यामागचा विचार मात्र खरोखर एक आहे.

आता एक नियम सांगतो, तो मला फार विचार करण्याजोगा वाटतो. 'किपोफू' म्हणजे आंधळा माणूस. शब्दाला 'कि' आहे, म्हणजे तो पुस्तकाच्या, खुर्चीच्या वर्गात दिसतो. पण तो आला हे सांगताना 'किमेकुजा' म्हणत नाहीत, 'आमेकुजा' म्हणतात. हा 'आ' जिवंत प्राण्याचा बिल्ला. शब्दाचे रूप काहीही असो, जीव आहे तर संख्येने आणि क्रियापदाने त्याला जिवंतांतच धरले पाहिजे. आपल्या 'व्यापारी'चा तिथे 'बेपारी' झाला आणि त्याचा अर्थ भांडवलदार असा ठरला. जूलियस न्येरेरे यांनी शेक्सपिअरच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे भाषांतर १९६९ साली काढले त्याचे नावच 'माबेपारी वा वेनीसी'. तर हा बेपारी आला तरी 'आमेकुजा', मजूर आला तरी 'आमेकुजा', आणि गाढव आले तरी 'आमेकुजा'!

ह्यावरून ती भाषा बोलणारे सगळे समतावादी, असा निष्कर्ष मी काढणार नाही. माणसाला हिणवायचे असेल तर त्याला 'कि'चा बिल्ला मुद्दाम लावता येतो. आपणही "ते येडं काय म्हणतंय?" असे म्हणून माणसाला नपुंसकलिंगात ढकलतोच. व्याकरण न्याय देत नाही. पण कोणाला कोणत्या रांगेत उभे केले, हे ते लपवूही देत नाही.

आणखी एक तुलना करून थांबतो. 'मी पुस्तक वाचले, मी पोथी वाचली.' आपल्या भूतकाळात क्रियापद पुस्तकाकडे पाहते, पोथीकडे पाहते. वाचणाऱ्या 'मी'ची त्यात नोंद नाही. स्वाहिलीत 'निमेकिसोमा' : 'नि' म्हणजे मी, 'कि' म्हणजे ते पुस्तक. करणाराही हजर, वस्तूही हजर, प्रत्येक आपल्या जागी. आपली रीत वाईट असे मी म्हणत नाही. परंतु हजेरीपट तपासण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला ही दुसरी रीत आवडली तर आपण त्याला क्षमा कराल.

त्या दिवशी खानसाम्याने माझ्या हातून पेन घेतले, दोन अक्षरांच्या जागा बदलल्या, शब्द मोठ्याने वाचला, बाकीच्या तिघांकडे पाहिले आणि मगच सही केली. पुढे पुष्कळ खेटे घालून थकलेल्या पगारांचा काही भाग त्यांच्या हाती पडला. सगळा पडला नाही. 'तु' कुठे आणि 'वा' कुठे, ह्याची उजळणी मात्र मी आजही करतो. परक्याच्या हक्काची गोष्ट त्याच्या भाषेत लिहायची असेल, तर तेवढे कष्ट आपण घेतलेच पाहिजेत.