दुसऱ्याच्या घरची पायली



बाजारात दुकाने पन्नास असोत, माप मात्र एकच लागते. आता अशी कल्पना करा की, साऱ्या पंचक्रोशीत धान्य मोजायला एकच पायली आहे आणि ती एका सधन कुटुंबाच्या माजघरात आहे. घरधनी वाईट नाही. पण घरी कार्य निघाले म्हणजे आधी तो आपली सोय बघणार, नाही का? जगाच्या व्यापारात ही पायली म्हणजे अमेरिकेचा डॉलर. ब्राझीलने सोयाबीन विकले आणि चीनने घेतले, तरी भाव बहुधा डॉलरांतच बोलला जातो. २०२२ साली जगात चलनांची जी अदलाबदल होत होती, तिच्या दर १०० व्यवहारांपैकी ८८ व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता.

हा मान त्याला मिळाला जुलै १९४४ मध्ये. महायुद्ध अजून चालू होते. अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ देशांचे प्रतिनिधी जमले. त्यांत आपले चिंतामणराव देशमुख होते. ते तेव्हा रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते. इतर चलने डॉलरला बांधावीत आणि ३५ डॉलरांना एक औंस सोने देण्याची हमी अमेरिकेने परदेशी सरकारांना द्यावी, अशी ती व्यवस्था. १५ ऑगस्ट १९७१ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी सोने देणे बंद केले. मग हा कागद कुणी घेऊ नये! पण तसे झाले नाही. एवढी प्रचंड रक्कम ठेवायला आणि हवी तेव्हा काढायला अमेरिकेच्या सरकारी रोख्यांइतका मोठा बाजार दुसरीकडे नव्हता.

डॉलर संपले म्हणजे काय होते, ते शेजारच्या श्रीलंकेने पाहिले. मार्च २०२२ मध्ये तेथे छपाईचा कागद आणायला डॉलर नव्हते, म्हणून पश्चिम प्रांतातल्या शाळांच्या परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. गुरुजी, प्रश्न काढलेले आणि कागद नाही, ही अवस्था ध्यानात घ्या. यात डॉलरचाच सारा दोष होता असे नव्हे. सरकारने कर कमी केले होते, कर्ज वाढवले होते, महामारीत प्रवासी येईनासे झाले होते. पण स्वतःचे रुपये छापून ते कर्ज फेडता येईना, ही खरी अडचण.

आता गुंतवणूकदारांचे पाहू. त्यांचा पैसा चरायला सोडलेल्या गुरांसारखा. हिरवे दिसेल तिकडे वळतो. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, व्याजाचा दर आपल्या देशातली महागाई आणि रोजगार पाहून ठरवते. मे २०१३ मध्ये तिचे अध्यक्ष बर्नान्की एवढेच म्हणाले की, रोखे खरेदी करून बाजारात पैसा ओतण्याचे काम पुढेमागे कमी करू. केले काहीच नव्हते बरं का, नुसते बोलणे! तेवढ्याने भारत, इंडोनेशिया, ब्राझील, तुर्कस्तान येथून पैसा निघू लागला. आपल्याकडे जो डॉलर ५५ रुपयांना मिळत होता, तो ऑगस्टअखेर ६८ रुपयांवर गेला.

मुलांना हे फळ्यावर मांडून दाखवता येईल. कापसाचा भाव न्यूयॉर्कला पौंडाला इतके सेंट असा बोलतात. आपली रुईची खंडी ३५६ किलोची, म्हणजे सुमारे ७८५ पौंड. भाव ८० सेंट धरा, खंडीचे ६२८ डॉलर झाले. डॉलर ५५ रुपयांचा असताना ३४,५४० रुपये. ६८ चा झाला की ४२,७०४. कापूस तोच, न्यूयॉर्कचा भाव तोच.

मग यवतमाळच्या शेतकऱ्याचे भले झाले म्हणायचे? ऑगस्टात त्याचा कापूस शेतात उभा होता. जुनी रुई होती ती व्यापाऱ्यांच्या आणि गिरण्यांच्या गोदामांत. त्याच्या वाट्याला तेव्हा खत आणि तेल होते, आणि पोटॅश तर आपण सगळाच्या सगळा बाहेरून आणतो, तोही डॉलर मोजून. दिवाळीच्या सुमारास वेचणी होऊन गाड्या बाजाराला लागल्या, तोवर डॉलर उतरून ६२ च्या आसपास आला होता.