वीर कोणाला म्हणायचे?

(वर्षावासानिमित्त विहारात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मला विषय दिला आहे, 'रोजच्या जीवनातला वीर'. वीर म्हटले की आमच्या मुलांपुढे सिनेमातला हिरो उभा राहतो. एकटाच दहा जणांना लोळवतो! पण आपल्या समाजाने खरे वीर पाहिले ते महाडला.

महाडला बाबासाहेबांनी पाणी प्राशन केले, एवढे सांगून आपण पुढे जातो. त्यांच्या मागे जी माणसे चालत होती, त्यांच्याकडे आज जरा बघू या.

1923 साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. 1924 साली महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. पुढे काय झाले? काहीच नाही. ठराव कागदावर राहिला. मार्च 1927 मध्ये परिषद भरली, तेव्हा प्रतिनिधींसाठी 40 रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले.

20 मार्चला ही माणसे रांगेने चवदार तळ्यावर गेली. त्यांत खेड्यापाड्यांतले गरीब शेतकरी-मजूर होते, पलटणीतून परतलेले शिपाई होते. ओंजळभर पाणी पिऊन त्यांना परत जायचे होते ते त्याच गावात, त्याच सावकाराच्या दारी. पुढे कित्येकांनी मार खाल्ला, बहिष्कार सोसला. हे होणार याची कल्पना असूनही त्यांनी ओंजळ पुढे केली.

नंतर अफवा उठली, की हे लोक आता विरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या घेऊन जमाव मंडपात घुसला, जेवणाऱ्या माणसांना मारले. आपल्या लोकांत लढाई पाहिलेले शिपाई होते, ते नुसत्या हुकमाची वाट पाहत होते. बाबासाहेबांनी सांगितले, शांत राहा. आणि ते शांत राहिले. बंधूंनो, हात उगारायला ताकद लागते हे खरे. पण उगारलेला हात खाली आणायला त्याहून जास्त लागते.

डिसेंबर 1927 मध्ये हजारो लोक तुरुंगात जायच्या तयारीने पुन्हा आले. कोर्टाचा मनाई हुकूम होता, म्हणून तळ्याला हात न लावता परतले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला 17 मार्च 1937 रोजी. दहा वर्षे धीर धरला त्यांनी! त्याच डिसेंबरात बाबासाहेबांनी आयाबहिणींना जातीची खूण सांगणारे नेसणे आणि दागिने सोडायला सांगितले. महाडात हो म्हणणे सोपे होते. पण गावी परतून नव्या पद्धतीचे लुगडे नेसून रोज वाड्यापुढून जायचे, टोमणे ऐकायचे, हे काय साधे काम होते?

धम्मात दहा पारमिता आहेत. त्यांत वीर्य आहे आणि क्षांतीही आहे. 'वीर्य' हा शब्द 'वीर' या शब्दावरूनच आला. घेतलेले काम न कंटाळता चालू ठेवणे म्हणजे वीर्य. अपमान सोसूनही मनात द्वेष येऊ न देणे म्हणजे क्षांती. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला ज्या 22 प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत या दहा पारमिता पाळण्याचीही प्रतिज्ञा आहे.

आता आपल्या वस्तीकडे या. प्रतिज्ञांची चौकट आपल्या घरोघरी भिंतीवर आहे. पण भिंतीवर प्रतिज्ञा आणि फळीवर बाटली असेल, तर महाड नगरपालिकेचा तो ठराव आणि आपली प्रतिज्ञा यांत फरक काय? दोन्ही कागदच!

रात्री शेजारच्या घरातून बाईच्या रडण्याचा आवाज येतो. सगळ्या चाळीला ऐकू येतो, आणि टीव्हीचा आवाज वाढतो. अशा वेळी जी माऊली उठून कडी वाजवते आणि ठणकावते, "बस कर आता, पोरं बघतायत," तिला मी वीर म्हणतो. मित्रांच्या घोळक्यात ग्लास बाजूला सारणारा तरुण वीर आहे. "हुंडा घेणार असाल तर मी लग्नाला उभा राहणार नाही," असे बापाला सांगणारा मुलगा वीर आहे. यांचे फलक लागणार नाहीत. उलट लोक हसतील, चार दिवस बोलणार नाहीत. महाडच्या माणसांनी तर याहून कितीतरी जास्त सोसले.

म्हणून माझी एकच विनंती आहे. आज घरी गेल्यावर चौकटीतली एक प्रतिज्ञा मुलांसमोर मोठ्याने वाचा. आणि उद्यापासून ती एक तरी कागदावरून खाली उतरवा.

नमो बुद्धाय! जयभीम!