खरे व्रत आणि उसने व्रत

ब्रह्मचर्य म्हणजे काय, हे खानदेशाने जवळून पाहिले आहे. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर प्रवचने देत आणि साने गुरुजी ती उतरून घेत. दोघेही आजन्म ब्रह्मचारी. गुरुजींना तर जळगाव जिल्ह्यातील अमळनेरच्या विद्यार्थ्यांनी आपले शिक्षक म्हणूनच पाहिले होते.

पुढे सहाच वर्षांनी, १९३८ साली, हंस पिक्चर्सचा ‘ब्रह्मचारी’ हा बोलपट आला आणि महाराष्ट्र पोट धरून हसला. कथा आचार्य अत्रे यांची. दिग्दर्शक व नायक मास्टर विनायक. औदुंबर नावाचा एक साधा तरुण एका देशभक्ताचे व्याख्यान ऐकतो, जमविलेली नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायामास लागतो आणि ब्रह्मचाऱ्यांच्या संस्थेत दाखल होतो. तोच किशोरी पुढे येते आणि व्रताचा डोलारा डळमळू लागतो. किशोरीच्या भूमिकेत मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आल्या, तेव्हा केवढी खळबळ उडाली!

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेत हॉवर्ड हॉक्स यांचा ‘ब्रिंगिंग अप बेबी’ प्रदर्शित झाला. प्रणय आणि धांदल यांच्या अशा मिश्रणाला तिकडे ‘स्क्रूबॉल’ म्हणतात. बेसबॉलमध्ये अपेक्षेच्या उलट वळणाऱ्या चेंडूचे ते नाव. कॅरी ग्रांटचा शास्त्रज्ञ प्राचीन हाडांत गढलेला. कॅथरिन हेपबर्नची सुसान पाळीव बिबट्यासह त्याच्या आयुष्यात शिरते आणि अखेरीस त्याने चार वर्षे खपून जुळविलेला सांगाडा कोसळतो. तिकडे सांगाडा, इकडे व्रत. दोन्हीकडे पुढाकार मात्र स्त्रीचा!

मग अत्रे यांनी ब्रह्मचर्याचीच टवाळी केली काय? त्याचे उत्तर १९५३ साली मिळाले. त्याच अत्रे यांनी साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविले. औदुंबराचे व्रत एका व्याख्यानात जडले होते, म्हणून एका भेटीत सुटले. गुरुजींचे व्रत आईच्या संस्कारांतून वाढले होते. पहिल्याला अत्रे हसले, दुसऱ्यापुढे नम्र झाले. विनोद खऱ्या व्रताला कधीच मोडीत नाही. उसने तेवढे तो उघडे पाडतो. म्हणूनच तरुणांच्या हाती नवे व्रत देणाऱ्या वडीलधाऱ्यांनी औदुंबराची ही फजिती एकदा अवश्य पाहावी.