नव्या लॅपटॉपचा पहिला दिवस

यवतमाळ, पुसद किंवा वणीच्या बाजारात लॅपटॉप घेताना आपण रॅम विचारतो, वॉरंटी कार्डावर शिक्का घेतो. उद्या विंडोज बिघडली तर ती परत कशी टाकायची, हे मात्र विचारत नाही. मग ऐन पीकविम्याच्या मुदतीत सेवा केंद्राचा संगणक बंद पडतो आणि 'फॉरमॅट मारून विंडोज टाकून देतो' म्हणणाऱ्याच्या हाती जातो. टाकलेली प्रत चोरीची असली, तर ती चालवायला क्रॅक, म्हणजे परवान्याची तपासणी चुकवणारा प्रोग्राम, लागतो आणि क्रॅकसाठी अनेकदा आधी अँटीव्हायरस बंद केला जातो. शेतकऱ्यांची आधार कार्डे आणि पासबुके स्कॅन होतात त्याच संगणकावर हे घडते.

पूर्वी संगणकासोबत विंडोज परत टाकण्यासाठी रिकव्हरी सीडी मिळे. कंपन्यांनी ती देणे थांबवले, तेव्हा काही विक्रेत्यांनी स्वतःच सीडी काढल्या. ब्रिटनमधील कॉमेट या दुकानसाखळीने असे 94 हजारांहून अधिक संच बनवून विकले, असा आरोप करत मायक्रोसॉफ्टने 2012 मध्ये तिच्यावर दावा लावला. ग्राहकांच्या हितासाठीच आपण हे केले, असे कॉमेटचे म्हणणे होते.

ग्राहकाची अडचण खरी आहे. पण दुसऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या प्रती विनापरवाना काढून विकणे हा त्यावरचा उपाय नव्हे. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातही सॉफ्टवेअरला संरक्षण आहे. बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला कलम 63-ब नुसार 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर धंद्यासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. हाच कायदा कलम 52 मध्ये, प्रत हरवली किंवा बिघडली तर हाताशी असावी म्हणून, वैध प्रत असणाऱ्याला बॅकअप काढू देतो.

हा हक्क वापरा. लॅपटॉप घेतला त्याच दिवशी, विंडोजमधल्याच सोयीने रिकव्हरी पेनड्राइव्ह बनवा. बिलावर विंडोजचा उल्लेख करून घ्या. विंडोज विकत घेणे परवडत नसेल, तर तिच्याऐवजी उबुंटू किंवा सी-डॅक या सरकारी संस्थेने तयार केलेली बॉस लिनक्स ही प्रणाली मोफत आणि कायदेशीर आहे.

दुकानदार बंधूंनो, ग्राहकाच्या समोर बसून हा पेनड्राइव्ह बनवून द्या आणि त्या कामाचे पैसे हक्काने घ्या. चोरीची प्रत मात्र कोणाच्याही संगणकात टाकू नका.