अपयशाचा धनी कोण?

(अमरावती येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



१० ऑगस्ट १९७९ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेला एसएलव्ही-३ हा अग्निबाण पाच-सव्वापाच मिनिटांत बंगालच्या उपसागरात कोसळला. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणयंत्रणेतील नायट्रिक आम्ल गळून गेले होते. प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम; परंतु पत्रकारांना सामोरे गेले ते इस्रोचे अध्यक्ष सतीश धवन. अपयश त्यांनी आपल्या शिरावर घेतले. १८ जुलै १९८० रोजी त्याच बनावटीच्या अग्निबाणाने रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचवला, तेव्हा मात्र त्यांनी कलामांना पुढे केले. ही हकीकत कलामांनीच पुढे अनेकदा सांगितली. सभांमधून तिला टाळ्याही भरपूर पडतात.

परंतु अग्निबाण समुद्रात पडतो. कोणाच्या शेतात नव्हे. ज्या विज्ञानाचे अपयश थेट शेतात पडते, तेथे ही रीत कितपत पाळली जाते?

या दोन्ही जगांत वावरलेला एक मराठी माणूस होता. वसंत गोवारीकर ब्रिटनमधील नोकरी सोडून १९६७ साली थुंब्याला आले. मच्छीमारांच्या त्या वस्तीत चर्चच्या इमारतीतून कामाला प्रारंभ झालेला होता. अग्निबाणाचे घन इंधन देशातच तयार करण्याचे कष्ट त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपसले. १९७९ ते १९८५ या काळात ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. पुढे दिल्लीत विज्ञान व तंत्रज्ञान विभागाचे सचिव असताना, त्यांच्या नेतृत्वाखाली मोसमी पावसाचे सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान सिद्ध झाले. १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले.

वर्षानुवर्षे ते उपयोगी पडले. २००२ साली फसले. अंदाज सर्वसाधारण पावसाचा होता. प्रत्यक्षात जुलैत देशभर जवळजवळ निम्माच पाऊस झाला आणि हंगाम सरासरीच्या ८१ टक्क्यांवर थांबला. गोवारीकर तेव्हा सरकारी सेवेत नव्हते, त्यामुळे दोष त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. खात्याने २००३ साली नवे प्रतिमान स्वीकारले. शास्त्राच्या दृष्टीने ते योग्यच झाले. कागदावरचे प्रतिमान बदलता येते, मोडलेली पेरणी बदलता येत नाही.

अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील या पट्ट्यात विहिरीचे पाणी खारे. वरून पडेल तेच काय ते गोड. दुबार पेरणीचे बियाणे उधारीने आणावे लागते. मग माणूस भेंडवळच्या घटमांडणीकडे कान लावतो, याला नुसती अंधश्रद्धा म्हणून हसणे फार सोपे आहे. घटमांडणीला शास्त्राचा आधार नाही, हे खरेच. पण संपूर्ण देशाचा एक सरासरी आकडा दर्यापूरच्या शेतकऱ्याने पेरणीसाठी कसा वापरावा? त्याला हवा असतो आपल्या तालुक्याचा, पुढल्या चार दिवसांचा अंदाज, आणि तोही त्याच्या भाषेत सांगणारा माणूस.

१७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस हा हवामान-उपग्रह श्रीहरिकोट्याहून यशस्वीपणे सोडण्यात आला. अभिनंदनाचे संदेश झडले. त्याच सुमारास देशातील कृषी विज्ञान केंद्रांमधील १९९ जिल्हा कृषी-हवामान कक्ष बंद करण्याचा आदेश निघालेला होता. उपग्रहाने पाहिलेले ढग गावापर्यंत पोहोचवणारी माणसे तेथे बसत होती. त्या आदेशाचा धनी म्हणून पत्रकारांपुढे कोण उभे राहिले?