कर्करोगाची वेळींच ओळख

(ज्युबिलीच्या निमित्तानें पोफळी येथें भरलेल्या सभेंत एका निवृत्त परिचारिकेनें केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या आनंदाच्या दिवसांत कर्करोगासारखा विषय कशाला, असें आपल्यापैकीं कांहींजणांच्या मनांत आलें असेल. माझ्याहि मनांत तें आलें होतें. परंतु फादरांनीं मला बोलावयास सांगितलें तेव्हां माझ्या डोळ्यांपुढें माझी आत्या उभी राहिली, आणि नकार देणें मला जमलें नाहीं.

सन १९८१ मध्यें, पाळी बंद होऊन सहा वर्षें लोटल्यावर, आत्येला पुन्हां रक्तस्राव होऊं लागला. तिनें तें कोणासहि सांगितलें नाहीं. मुलगे मोठे, सुना घरांत. ही गोष्ट बोलावयाची तरी कशी? आठ महिने ती जुन्या लुगड्याच्या घड्या पहाटे विहिरीवर धुऊन कोणाच्या दृष्टीस न पडतील अशा सुकवीत राहिली. शेवटीं कंबर उचलेना तेव्हां तिला एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तपासणी न करितांच रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या, व त्यांत आणखी तीन महिने गेले. मुंबईस नेलें तेव्हां रोग गर्भाशयाच्या मुखापासून पार पुढें पसरला होता. पुढचा पावसाळा तिनें पाहिला नाहीं. मी त्या वेळीं परिचारिकेचें शिक्षण घेत होतें, आणि माझ्याच घरांत काय चाललें आहे याची मला दाद नव्हती.

मनाला लागते ती गोष्ट ही, कीं हा रोग एका रात्रींत येणारा नव्हे. गर्भाशयाच्या मुखावरील पेशींत पहिला बिघाड होतो तेव्हांपासून खरा कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा, पंधरा, कधीं वीस वर्षें जातात. एवढ्या अवधींत कोणी एकदां जरी पाहिलें असतें, तरी तो बिघाड तेथल्या तेथें काढून टाकितां आला असता. येथल्या वीजघरांत नोकरी केलेल्या मंडळींस हें समजावून सांगावयास नको. डोंगराच्या पोटांतलीं तीं यंत्रें बंद पडण्याची वाट न पाहतां ठराविक मुदतीनें उघडून पाहतात.

आतां हा रोग होतो कशानें, याचा शोध कसा लागला तें सांगतें. त्याचा आरंभ आपल्यासारख्यांस विशेष वाटावा असा आहे. इटलींत व्हेरोना शहरीं दोमेनिको रिगोनी-स्टर्न या नांवाचा एक डॉक्टर होता. त्यानें त्या शहरांतील १७६० ते १८३९ या काळांतल्या मृत्यूंच्या नोंदी चाळल्या व आपलें निरीक्षण १८४२ सालीं प्रसिद्ध केलें. मठांत राहणाऱ्या सिस्टर्समध्यें गर्भाशयाचा कर्करोग क्वचितच आढळत होता. विवाहित व विधवा स्त्रियांमध्यें तो पुष्कळ होता. उलट स्तनाचा कर्करोग सिस्टर्समध्येंच अधिक. (आपल्या चर्चमधील मरणाच्या नोंदवह्या अशा दृष्टीनें कोणी वाचल्या असतील असें मला वाटत नाहीं.) गर्भाशयमुखाच्या रोगाचा वैवाहिक जीवनाशीं कांहीं संबंध आहे, एवढें त्यावरून उघड झालें, पण तो कोणता, हें कळावयास पुढें सुमारें एकशें चाळीस वर्षें लागलीं.

मधल्या काळांत न्यूयॉर्क येथें पेटन राउस यानें कोंबडीच्या अर्बुदाचा रस अतिशय बारीक गाळणींतून गाळला, इतक्या बारीक कीं तींतून पेशीहि जाऊं नये व साधा जंतूहि जाऊं नये. तो रस निरोगी कोंबडीस टोंचतांच तिलाहि तसेंच अर्बुद झालें. विषाणूमुळें कर्करोग होऊं शकतो, हें त्यानें १९११ सालीं दाखविलें. पण बहुतेकांनीं त्याकडे दुर्लक्ष केलें, आणि नोबेल पारितोषिक त्याला मिळालें तें १९६६ सालीं, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षीं.

महाराष्ट्रांत या विषयास ज्यांनीं आयुष्य वाहिलें त्यांत डॉ. कमल रणदिवे यांचें नांव प्रथम घ्यावें लागेल. त्यांचा जन्म १९१७ सालीं पुण्यास झाला. हुजूरपागा व फर्ग्युसन येथें शिकून त्या मुंबईस आल्या आणि परळच्या टाटा रुग्णालयांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखालीं काम करूं लागल्या. १९४९ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. नंतर बाल्टिमोर येथें जाऊन, जिवंत पेशी कांचेच्या भांड्यांत वाढविण्याच्या विद्येंत त्या तरबेज झाल्या, आणि परत आल्यावर भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत तशी प्रयोगशाळा त्यांनीं उभी केली. उंदरांमध्यें स्तनाचा कर्करोग आईच्या दुधांतून पिलांकडे जातो, हें बिटनर या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९३६ सालीं दाखविलें होतें, व दुधांतील ती वस्तु पुढें विषाणु ठरली. अनुवंश, शरीरांतील हार्मोनें आणि हा विषाणु या तिहींचा परस्परसंबंध काय, हा रणदिवेबाईंच्या संशोधनाचा विषय होता. येथेंच एक खुलासा करितें, नाहीं तर अंगावर पाजणाऱ्या माता भिऊन जातील: माणसांतील स्तनाचा कर्करोग असा दुधावाटे जातो, याला कांहींएक आधार मिळालेला नाहीं. उलट मुलास अंगावर पाजणें हें आईला त्या रोगापासून थोडें संरक्षणच देतें.

गर्भाशयमुखाच्या रोगाचा विषाणु मात्र खरोखरच सांपडला. जर्मनींतील हाराल्ड त्सुर हाउझेन व त्यांचे सहकारी यांनीं १९८३ व १९८४ या दोन वर्षांत पॅपिलोमा विषाणूचे सोळा व अठरा या क्रमांकांचे प्रकार या कर्करोगाच्या गांठींतून वेगळे करून दाखविले. गर्भाशयमुखाचे शंभरांतील सुमारें सत्तर कर्करोग याच दोहोंमुळें होतात. त्सुर हाउझेन यांना २००८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

हा विषाणु शरीरसंबंधावाटे जातो, हें सांगतांना मी मुद्दाम थांबतें. कारण एवढें ऐकतांच पुष्कळांच्या मनांत पहिला विचार येतो तो चारित्र्याचा. तसें मनांत आणूं नका. हा विषाणु इतका सर्वत्र पसरलेला आहे कीं बहुतेक स्त्रीपुरुषांस तो आयुष्यांत केव्हां तरी लागतो, आणि बहुतेकांचें शरीर त्याला दोनेक वर्षांत आपण होऊन हुसकून लावतें. थोड्या स्त्रियांमध्यें तो ठाण मांडून बसतो, व त्यांतल्या कांहींना पुढें रोग होतो. ज्या स्त्रीनें आपल्या नवऱ्याशिवाय दुसऱ्या पुरुषाचें तोंडहि पाहिलें नाहीं, तिलाहि तो होतो. माझी आत्या तशीच होती. रोग्याच्या चारित्र्याविषयीं कुजबुजणाऱ्यांनीं किती स्त्रियांना दवाखान्यापासून दूर ठेविलें असेल, याचा हिशेब कोणीं मांडलेला नाहीं.

तपासणीनें खरोखर जीव वांचतात काय, याचा मोठा पुरावा आपल्याच राज्यांतला आहे. तेव्हांच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यांत, बार्शीचें नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, टाटा रुग्णालय आणि फ्रान्समधील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनीं १९९९ सालापासून तीस ते एकोणसाठ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. गांवांचे बावन्न गट पाडून निरनिराळ्या गटांत निरनिराळी तपासणी केली. एका भागांत तपासणी केली नाहीं. आठ वर्षांनीं पाहतां, जेथें विषाणूची चाचणी फक्त एकदां झाली होती तेथें गर्भाशयमुखाच्या कर्करोगानें ३४ स्त्रिया मरण पावल्या होत्या. जेथें तपासणी नव्हती तेथें, स्त्रियांची संख्या थोडी कमी असूनहि, ६४. त्या बिनतपासणीच्या गटाबद्दल पुढें टीका झाली, व ती अगदींच अनाठायीं होती असें मला म्हणवत नाहीं. पण त्या स्त्रियांमुळें जें ज्ञान मिळालें तें आतां आपल्या हातीं आहे, आणि तें न वापरणें हा त्यांच्यावर दुसरा अन्याय होईल.

ज्यांना ही चाचणी महाग पडते त्यांच्यासाठीं आणखी एक उपाय आहे. आपल्या घरीं विंदालू व सोरपोतेल करतांना जें व्हिनेगर लागतें, त्याच्यांतील आम्लाचें पातळ, औषधी द्रावण गर्भाशयाच्या मुखास लाविलें असतां बिघडलेला भाग मिनिटभरांत पांढरा दिसूं लागतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर टाटा रुग्णालयानें जो अभ्यास केला, त्यांत ही तपासणी डॉक्टरांनीं नव्हे, तर दहावीपर्यंत शिकलेल्या व थोडें प्रशिक्षण दिलेल्या स्त्रियांनीं केली. तपासणीच्या गटांतील मृत्यु ३१ टक्क्यांनीं कमी झाले, असें २०१३ सालीं जाहीर करण्यांत आलें.

मुलींसाठीं लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या लशीस २०२२ सालीं परवानगी मिळाली. एकच मात्रा पुरते, हें ज्या अभ्यासांतून दिसून आलें त्यांत बार्शी व पुण्याच्या मुली होत्या. २०१० सालीं सरकारनें तें लसीकरण मध्येंच थांबविलें, म्हणून हजारों मुलींना एकच मात्रा मिळाली, आणि दहा वर्षांनीं पाहतां त्यांचेंहि रक्षण तितकेंच चांगलें झालेलें आढळलें. अडचणींतून असें ज्ञान क्वचितच मिळतें! दहा वर्षांच्या मुलीला ही लस कशाला, असें मला एका बापानें विचारलें. मीं त्याला सांगितलें, विषाणु लागण्यापूर्वीं दिली तरच तिचा पुरा उपयोग. आज लस दिली म्हणजे मुलगी बिघडते हें खरें असतें, तर धनुर्वाताची लस घेतलेलीं सारीं मुलें गंजक्या खिळ्यांवर नाचलीं असतीं. लस घेतलेल्या मुलींनींहि मोठेपणीं तपासणी करावयाचीच आहे, कारण लशीनें सगळे प्रकार आटोक्यांत येत नाहींत.

स्तनांतील न दुखणारी गांठ, आणि मिश्री लावणाऱ्यांच्या किंवा तंबाखू खाणाऱ्यांच्या तोंडांतील पांढरा अगर लाल चट्टा, यांविषयीं थोडक्यांत एवढेंच सांगतें: दुखत नाहीं म्हणून थांबूं नका. आरंभीं हा रोग बहुधा दुखतच नाहीं.

दूर जावयास नको. आपल्या चिपळूण तालुक्यांतच डेरवणला वालावलकर रुग्णालय आहे. तीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीनें एकदां तरी तपासणी करून घ्यावी. आणि पाळी गेल्यावर रक्त दिसलें, तर त्याच आठवड्यांत. नवऱ्यांनीं सोबत जावें, बाहेर बांकावर बसून राहावें, आणि घरीं परत येईपर्यंत काय झालें म्हणून विचारूं नये. ती आपण होऊन सांगेल.

फादरांनीं शाळेची मागची खोली आज संध्याकाळपर्यंत माझ्यासाठीं मोकळी ठेविली आहे. ज्या भगिनींना कांहीं विचारावयाचें असेल त्यांनीं एकेकटीनें यावें. दार आंतून लावून घेईन.